तुतीवरचा आळ

२२ मे, सोमवार

लुक्षाने डब्लिनहून ही वही पाठवली आहे. वर 'तलावाची नोंदवही' असं छापलंय आणि आत पाच रकाने आहेत: तारीख, क्लोरीन, आम्लता, तापमान, शेरा. एकुलत्या एक मुलाने आईला आजवर पाठवलेल्या भेटींमध्ये ही सर्वांत प्रेमळ. रोज सकाळी पाणी तपासायचं, रकाने भरायचे आणि पानाचा फोटो त्याला पाठवायचा. चौतीस वर्षं मी पोस्टात रकानेच भरले. निवृत्त झाले तेव्हा सुटले असं वाटलं होतं.

शेऱ्याचा रकाना बोटभर रुंद आहे. माझे शेरे त्यात मावायचे नाहीत, म्हणून मी वही उलटी करून मागच्या पानापासून लिहायला घेतलंय. ही पानं फोटोत जाणार नाहीत.

तर, शेरा. माझ्या बटाट्यांच्या वाफ्यावर हिवाळ्यात एक पांढराशुभ्र खड्डा खणला गेला आणि आता त्यात पाणी आहे. समुद्र माझ्या दारापासून चार मिनिटांवर आहे आणि तो पूर्वीपासून भरलेलाच आहे. पण भाड्याने राहायला येणाऱ्या पाहुण्यांना म्हणे समुद्राकडे बघत गोड्या पाण्यात डुंबायला आवडतं. बेटावर आता ज्याच्या घरी पोहायचा पूल नाही त्याच्याकडे लोक दयेने बघतात. पहिलं कुटुंब एक जुलैला येणार, ऑस्ट्रियातून.

लुक्षा त्याला पूल म्हणतो. शेजारचा विस्को 'तुझी टाकी' म्हणतो. आज भिंतीवरून डोकं काढून म्हणाला, "नेदे, टाकीत मासे कधी सोडणार?"

"तू उडी मारशील तेव्हा," मी म्हटलं.

२६ मे, शुक्रवार

पाण्याला हिरवट झाक आली आहे. डब्यावर लिहिल्याप्रमाणे क्लोरीनची गोळी टाकली. डब्यावरच्या चित्रातली बाई हसत होती. मी हसले नाही.

विस्को वरच्या टप्प्यावर द्राक्षांवर मोरचूद फवारत होता. मे महिन्यात त्याचे हात कोपरापर्यंत निळे असतात, ते ऑगस्टपर्यंत तसेच. तिथूनच ओरडला, "शेवाळ धरलंय! काय घालायचं ते मला विचार."

"तुला विचारून मी भातात मीठसुद्धा घालत नाही."

"म्हणूनच तुझा भात तसा असतो."

या माणसाने माझा भात शेवटचा खाल्ला माझ्या नवऱ्याच्या, प्रोश्पेरच्या, दफनाच्या जेवणात, चार वर्षांपूर्वी. दोनदा वाढून घेतला होता.

२९ मे, सोमवार

चमत्कार! काल रविवारी मी चर्चमध्ये मिस्साला गेले तेव्हा पाणी वाटाण्याच्या सुपासारखं होतं, आज तळाची फरशी मोजता येते. माझ्या गोळीने शेवटी काम केलं. लुक्षाला फोटो पाठवला, त्याने अंगठा पाठवला.

विस्को काल काळी पॅंट आणि पांढरा इस्त्रीचा शर्ट घालून द्राक्षांत उभा होता. चर्चमध्ये तो चाळीस वर्षांत आलेला नाही, मग हा थाट वेलींसाठी असावा. लग्न न केलेल्या माणसांना अशी खुळं लागतात. त्याने का नाही केलं ते त्यालाच ठाऊक, मुली काही कमी नव्हत्या.

१ जून, गुरुवार

डाग. पहिल्याच पायरीवर, तळहाताएवढा. सावलीत जांभळा दिसतो, ऊन आलं की निळसर. घासला, जात नाही. फोटो पाठवला, तीन मिनिटांत फोन.

"तुती," लुक्षा म्हणाला.

"कशावरून?"

"आई, जांभळा डाग. वर तुतीचं झाड. जांभळ्या तुती टपाटप पाण्यात पडतायत. आणखी कशावरून हवं?"

"झाड काही तलावावर आलं नाही. तलाव झाडाखाली आलाय."

"तेच मी हिवाळ्यात सांगत होतो. तेव्हाच कापायला हवं होतं."

ही तुती प्रोश्पेरने आमच्या लग्नाच्या वर्षी भिंतीलगत लावली. खाली दगडी बाक आहे, त्यावर तो संध्याकाळी मासळीचं जाळं दुरुस्त करायचा आणि मी शेंगा सोलायचे, आणि आम्ही दोघं काही बोलायचो नाही. तसं न बोलणं मला नंतर कोणाबरोबर जमलेलं नाही. हे लुक्षाला फोनवर सांगण्यासारखं नाही.

तो बावीस तारखेला ओर्लाला घेऊन येतोय. तेवीसला सकाळी आरीवाला सांगून ठेवलाय. फांद्या संध्याकाळी संत योहानाच्या होळीत जातील, ओर्लाने होळी कधी पाहिलेली नाही. सून आयर्लंडची, गोड पोरगी आहे. तिला दाखवायला माझं झाड जाळायचं.

"डाग तुतीचा आहे हे सिद्ध झालं तर बघू," मी म्हटलं.

"आणि नसला तर राहू दे झाड," तो म्हणाला. एवढं मी शब्दशः लिहून ठेवते.

४ जून, रविवार

मिस्साहून आले तर विस्को भिंतीवर पालथा पडलेला, हातात अंजिरं काढायची लांब काठी, तिच्या टोकाला गाळणं. माझ्या पाण्यातून तुती उचलत होता.

"हे काय चाललंय?"

तो दचकला, पण सावरला. "तुझी तुती माझ्या शर्टावर पडली! एकतीस वर्षं सांगतोय, काप ते झाड!"

एकतीस वर्षं हे खरं आहे. झाडाला पहिली फळं धरली त्या वर्षी एक तुती त्याच्या शर्टावर पडली, तेव्हापासून मे-जून आला की रोज सकाळी तो भिंतीपाशी येतो आणि झाड काप म्हणून ओरडतो. मी त्याला नाव ठेवते, तो मला ठेवतो, मग तो वेलींकडे जातो आणि मी कॉफी करते. प्रोश्पेर म्हणायचा, घड्याळ विकून टाकूया. आता गाळण्याने पुरावे गोळा करतोय, लुक्षाला दाखवायला असणार. दोघांचं संगनमत आहे.

डाग सहा झाले आहेत. पाणी मात्र आरशासारखं.

७ जून, बुधवार

आज मी स्वतःच्या हाताने माझ्या झाडाचा गळा कापला.

तुतीचा डाग हातावर पडला तर कच्ची हिरवी तुती चोळायची, डाग जातो. काट्याने काटा काढावा. हे आमच्याकडे पोराला चालायच्या आधी कळतं, माझ्या आजीने माझे हात असेच पांढरे केले आणि मी लुक्षाचे. मग परीक्षा सोपी होती: कच्ची तुती चोळून डाग फिकटला तर तो तुतीचा. मला खात्री होती की फिकटणार नाही. साक्षीला लुक्षाला फोनवर चित्रासकट उभा केला, एवढी खात्री होती.

पायरीवर बसून, स्कर्ट भिजवून, मूठभर कच्च्या तुती पहिल्या डागावर चोळल्या. डाग फिकटला. मधोमध चांगला पांढरा झाला.

"झालं?" लुक्षा म्हणाला.

"झालं," मी म्हटलं.

पोराने विजयाची आरोळी ठोकली असती तर त्याला दोन शब्द सुनावता आले असते. पण तो हळूच म्हणाला, "आई, बाक राहील ना," आणि मला रडू आलं. बाक काय, दगड आहे. दगडाला कोण कापतो?

११ जून, रविवार

विस्कोला भिंतीवरून बातमी दिली. म्हटलं, एकतीस वर्षांनी माणूस जिंकतोय तर त्याला कळू द्यावं.

"तेवीसला कापतायत. आता शर्ट वाळत घाल खुशाल."

वाटलं होतं वाइन फोडेल. त्याने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, "कोणी सांगितलं कापायला?"

"तू! एकतीस वर्षं!"

"मी सांगतो म्हणून तू कधी काही केलंयस?"

"आता करतेय."

"आत्ताच बरं तुला माझं ऐकायचं सुचलं!" असं म्हणून त्याने टोपी जमिनीवर आपटली आणि निघून गेला, ती उचलायलाही परत आला नाही. काही माणसांना जिंकतासुद्धा येत नाही.

१४ जून, बुधवार

तीन दिवस विस्को भिंतीपाशी आलेला नाही. सकाळ फार शांत जाते. डाग अकरा. लुक्षा म्हणतो निदान पाहुण्यांपुरते तरी काढ, म्हणून आज बंदरावर टोंकाच्या दुकानात गेले. टोंका पंप, रंग आणि तलावाची औषधं विकते, आणि गिऱ्हाइकाला मूर्ख म्हणायचे पैसे घेत नाही.

"डागावर काय लावून बघितलंत, मावशी?"

मी कच्च्या तुतीची परीक्षा सांगितली. तिने हातातला डबा खाली ठेवला.

"आजीने शिकवलं?"

"मग काय विद्यापीठाने?"

"आजीचं हातापुरतं खरं आहे. कच्ची तुती आंबट. आंबटाने हातावरचा तुतीचा डाग जातो आणि फरशीवरचा धातूचाही जातो. दोन्ही जातात, मग तुम्हाला कळलं काय?"

"काहीच नाही?"

"काहीच नाही. परीक्षा क्लोरीनच्या गोळीची. डागावर पाव तास ठेवा. पान, फळ, शेवाळ असलं तर गोळीने उडतं. धातू असला तर ढिम्म हलत नाही. मग त्यावर क जीवनसत्त्वाची गोळी ठेवा. त्याने गेला की धातूच."

"कुठला धातू?"

"लोखंड तपकिरी, तांबं निळं-हिरवं, कधी जांभळट. अगदीच खात्री हवी असेल तर एखादी सोनेरी केसांची बाई पाण्यात बुडवा. तांबं असेल तर हिरवी होऊन वर येईल." आणि ती मोठ्याने हसली. मी घरी येईपर्यंत बसमध्ये तीनदा तिचे शब्द घोकले, गोळीचे, बाईचे नाही.

१५ जून, गुरुवार

हे नीट लिहायला हवं, म्हणून हात धुऊन बसले आहे.

दुसऱ्या पायरीवर मी मुद्दाम चार पिकलेल्या तुती चिरडल्या आणि रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी तिथे खरा, पक्का, प्रामाणिक तुतीचा डाग होता. मग प्रोश्पेरच्या दोन जुन्या मोज्यांत एकेक क्लोरीनची गोळी घातली. एक मोजा खऱ्या तुतीच्या डागावर, दुसरा आरोपी डागावर. पाव तास बाकावर बसले. हा पाव तास मला लुक्षाच्या बाळंतपणापेक्षा लांब वाटला.

खऱ्या तुतीचा डाग साफ गेला. दुसरा जसाच्या तसा! मग त्याच्यावर फार्मसीतून आणलेली क जीवनसत्त्वाची गोळी दाबून धरली, आणि गोळीखाली बरोबर तेवढंच गोल पांढरं. धातू. माझी तुती निर्दोष आहे. मी झाडाला मिठी मारली, कोणी बघत नव्हतं. बघत असलं तरी विस्कोच बघत असणार, आणि तो सध्या बोलत नाही.

लुक्षाला फोन केला. तो म्हणाला, "आई, मोजे?"

"मोज्यांचा संबंध नाही."

"धातू आला कुठून? सगळे पाइप प्लॅस्टिकचे आहेत, मी स्वतः निवडलेत. आठवड्यापूर्वी तूच सिद्ध केलंस की तुती आहे, आता तूच सिद्ध करतेस की नाही. झाड वाचवायला तू उद्या पोपचीसुद्धा साक्ष आणशील. धातू कुठून आला ते सांग, मी आरीवाल्याला नको म्हणून कळवतो."

म्हणजे चोरी सिद्ध झाली, चोर हवा. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, पण मी म्हैस शोधून काढीन.

१६ जून, शुक्रवार

म्हैस सापडली. आज सकाळी दोरीवर कपडे घालताना विस्को वेलींमध्ये दिसला. कोपरापर्यंत निळा. मोरचूद म्हणजे काय? पोस्टात मी तीस वर्षं त्या पोत्यांच्या पावत्या फाडल्या, वर छापलेलं असायचं: तांबं!

आणि मग सगळं जुळलं. माझ्या झाडाने त्याचा शर्ट खराब केला, एकतीस वर्षं त्याचं कोणी ऐकलं नाही, म्हणून हा माणूस माझ्या पाण्यात मोरचूद घालून जांभळे डाग पाडतोय, म्हणजे आळ तुतीवर येईल आणि झाड जाईल. केवढी ही दीर्घ द्वेषाची चिकाटी! आणि वर टोपी आपटून दुःखाचं नाटक. चोराच्या उलट्या बोंबा यालाच म्हणतात.

त्याच्या दारावर जाऊन विचारलं. त्याने खिडकीची झडप अर्धी उघडली, माझ्याकडे पाहिलं, हात पाठीमागे लपवले आणि झडप लावली. निरपराध माणूस हात लपवत नाही. पण लुक्षाला नुसतं 'हात निळे' सांगून भागणार नाही. बेटावर द्राक्षं लावणाऱ्या प्रत्येकाचे निळेच असतात.

१८ जून, रविवार

त्याला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. तो येणार मी मिस्साला गेल्यावर, हे उघड आहे. म्हणून गेलेच नाही. काळा ड्रेस घालून फाटकातून बाहेर पडले, मागून कोंबड्यांच्या खुराड्यातून आत आले आणि स्वयंपाकघराच्या झडपेमागे उभी राहिले. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मिस्सा चुकवली. पादरींना सांगेन की न्यायाचं काम होतं.

घंटा झाल्या. माझ्याविना गायन सुरू झालं, इथवर ऐकू येतं. कोणी आलं नाही. अर्ध्या तासाने फाटक वाजलं. विस्को, इस्त्रीच्या शर्टात, दाढी केलेला, हातात झाकलेलं भांडं. मला वाटलं भांड्यात मोरचूद आहे. मी दार धाडकन उघडलं.

तो जागच्या जागी उभा. "तू आजारी आहेस का?"

"मी? का?"

"गायनात तुझा आवाज आला नाही."

"तुला तिथून माझा आवाज कळतो?"

"तू वरचा सूर नेहमी जरा आधी उचलतेस." मग भांडं पायरीवर ठेवलं. "कोंबडीचं सूप आहे. मीठ तुझं तू घाल." आणि गेला.

म्हणजे मी घरात आहे की नाही हे तो दर रविवारी कान लावून ऐकतो. असा सराईत गुन्हेगार मी पाहिलेला नाही. सूप चांगलं होतं. विष असतं तर एव्हाना कळलं असतं.

२२ जून, गुरुवार

बंदरावर पोरांना आणायला गेले होते, बोट तासभर उशिरा. ओर्ला आणखी सुंदर झाली आहे, कमरेपर्यंत सोनेरी केस. घरी पाऊल टाकताच पाण्यात उतरली आणि अंधार पडेपर्यंत बाहेर आली नाही. लुक्षा डाग मोजत फिरला. सतरा, काही ताटाएवढे. काल अकरा होते.

जेवताना मी त्याला विस्कोचं सगळं कारस्थान सांगितलं. तो म्हणाला, "आई, विस्कोकाका शर्टासाठी हे करेल? त्याच्याकडे शर्टच दोन आहेत." मग माझा हात धरून म्हणाला, "मी नवं झाड लावून देईन. पानं न गळणारं."

नवं झाड. मी अठ्ठ्याण्णव वर्षांची होईन तेव्हा त्याची सावली पडेल. वरती जाऊन खिडकीतून तुतीकडे बघत बसले, आणि प्रोश्पेरची माफी मागितली. मला सांभाळता आली नाही.

२३ जून, शुक्रवार

आरीवाला आठला आला. आल्यागेल्याला कॉफी आणि ग्लासभर रकिया, आमची घरची दारू, देण्याची रीत आहे, जल्लादाला द्यावी का हे कुठे लिहिलेलं नाही. दिली. त्याने झाडाभोवती फेरी मारली, खोडावर थाप मारली, "चांगलं होतं," म्हणाला. होतं!

तेवढ्यात ओर्ला डोक्याला टॉवेल गुंडाळून खाली आली, डोळे रडून लाल. तिने टॉवेल काढला.

केस हिरवे. उकडून, ऑलिव्ह तेल घालून बटाट्याबरोबर वाढावेत असे, पालकासारखे हिरवे.

"आई," तिला येते तेवढ्या आमच्या भाषेत ती म्हणाली, "मी झाड झाले."

आरीवाल्याने ग्लास खाली ठेवला. मला टोंकाचं हसणं आठवलं, आणि देवा, सुनेचे केस हिरवे झालेले पाहून इतका आनंद कुठल्याही सासूला झाला नसेल.

"लुक्षा," मी म्हटलं, "तुतीने केस हिरवे होतात का?"

तो वाकून पायरीवरचा डाग नखाने खरवडू लागला. मी भिंतीकडे वळून ओरडले, "विस्को! बाहेर ये!"

त्याला बाहेर यायची गरज नव्हती. तो केव्हाचा भिंतीवर बसला होता, आरीकडे बघत. एक पाय इकडे, एक तिकडे.

"हे तुझं काम?"

त्याने ओर्लाच्या केसांकडे पाहिलं आणि पाणीपाणी झाला. "माझंच. पोरी, माफ कर गं मला."

"माझं झाड पडावं म्हणून माझ्या पाण्यात मोरचूद घातलंस!"

"पडावं म्हणून?" तो भिंतीवरून उतरला, सरळ खोडासमोर जाऊन उभा राहिला. "अगं, पाणी हिरवं झालं होतं! हिरव्यावर मोरचूद घालायचं असतं. माझा बाप घालायचा, त्याचा बाप घालायचा. तुला सांगायला गेलो तर तू भाताचं बोललीस. मग तू मिस्साला गेलीस तेव्हा घातलं दोन मुठी."

"ती माझी गोळी नव्हती?"

"तुझ्या गोळीने डाससुद्धा मरत नाही. मग डाग आले. मला वाटलं तुतीचेच. म्हटलं मोरचूद कमी पडतंय, म्हणून वाढवलं. ते आणखी वाढले, मी आणखी वाढवलं. काल तू बंदरावर गेलीस तेव्हा अख्खी पिशवी घातली."

"म्हणजे डाग जावेत म्हणून तू डाग पाडत होतास?"

"डाग गेले असते तर झाड राहिलं असतं ना!"

"आणि एकतीस वर्षं काप काप म्हणून ओरडतोयस ते?"

"ओरडतोय. तू कापलंस?"

"नाही."

"मग? ओरडायला झाड लागतं, नेदे. हे गेलं तर रोज सकाळी भिंतीपाशी येऊन मी तुला काय सांगू? हवा बरी आहे?"

विस्को निळ्या हातांनी खोडाला पाठ लावून उभा होता, आणि मान अशी खाली, जशी शाळेत छडी खाल्लेल्या मुलाची. मग आरीवाल्याने विचारलं, "चालू करू की नको?"

"नको," लुक्षा म्हणाला. "आणखी एक रकिया घ्या."

संध्याकाळी होळीत विस्कोच्या वेलींची छाटण जाळली. त्याने दोन भारे स्वतः वाहून आणले.

२७ जून, मंगळवार

पाणी बरंच काढून टाकलं. टोंकाने आंबट पावडरचे चार डबे दिले आणि वर म्हणाली, "बाई खरोखर बुडवलीत, मावशी?" तीच पावडर ओर्लाच्या केसांना लावली, रंग उतरला. टोकं थोडी हिरवी राहिली आहेत, ती तिला आवडतात म्हणे.

विस्को सकाळपासून तळाशी गुडघ्यांवर बसून घासतोय. मी बाकावर बसून देखरेख करते. लुक्षा मदतीला जाऊ लागला तर ओर्लाने त्याचा हात धरून त्याला घरात नेलं, काय काम होतं कोण जाणे.

त्या दिवशी विस्को जे बोलला त्यावर मी अजिबात विचार केलेला नाही. काल दिवसभर केलेला नाही, आजही सकाळपासून करत नाहीये. दुपारी त्याला भात वाढला. मीठ बरोबर आहे म्हणाला, आणि परत वाढून घेतला.

१ जुलै, शनिवार

पाहुणे आले. आईवडील, दोन मुली, सगळे सोनेरी केसांचे. मी त्यांना पाण्यात जाऊ देण्याआधी तीनदा तपासलं. क्लोरीन ठीक, आम्लता ठीक, तांबं नाही. दुपारी चौघंही समुद्रावर गेले. समुद्र चार मिनिटांवर आहे ना.

९ जुलै, रविवार

क्लोरीन ठीक. आम्लता ठीक. तापमान सव्वीस. शेरा:

मिस्साहून येऊन चपला काढते तोच भिंतीवरून आरोळी आली. "नेदे! तुझी तुती माझ्या शर्टावर पडली! काप ते झाड!"

मी वर पाहिलं. हंगाम संपून आठवडा झाला, झाडावर औषधालासुद्धा तुती नाही.

"कुठे पडली? इथून दिसत नाही," मी म्हटलं. "इकडे येऊन दाखव. कॉफी ठेवते."

तो भिंतीवरून आला नाही, फाटकातून आला, टोपी हातात घेऊन. शर्ट पांढरा होता, इस्त्रीचा. आम्ही दोघं बाकावर बसलो. डाग शोधायला बराच वेळ लागला.